पाण्याच्या एक दिवस आधी

रविवारी तुम्ही पानशेतला गेला आहात. सगळं पुणं जातं तसेच. सिंहगड रस्त्याची गर्दी संपली, खडकवासल्याची चौपाटी मागे पडली, वळणं घेत घेत गाडी धरणाजवळच्या एका टपरीशी थांबली. समोर तानाजीसागर. हातात कांदाभज्यांचा कागद. टपरीच्या खांबाला पाटी आहे, 'आज रोख, उद्या उधार', आणि तिच्याखाली स्कॅन करायचा चौकोन. चहा ओतता ओतता टपरीवाला विचारतो, "पुण्यात कुठले?"

"शनिवार पेठ."

"मग आमचं पाणी येऊन गेलंय की तुमच्याकडं!"

तो हसतो, तुम्हीही हसता. गोष्ट त्याच्या जन्माआधीची आहे, तुमच्याही. पण तुमच्या घरात पानशेत हे गावाचं नाव म्हणून कुणी घेतल्याचं तुम्हाला आठवत नाही. ती तारीख आहे. आत्याचं लग्न पानशेतच्या आधी झालं. काकांची नोकरी पानशेतनंतर लागली. माळ्यावरचा पोचे आलेला तांब्याचा बंब 'पानशेतातून वाचलेला' आहे आणि आजोबांची पगडी 'पानशेतात गेली'. ज्या गावाला तुम्ही भजी खायला येता, ते तुमच्या घरात इसवी सनासारखं वापरलं जातं.

तर कागद तिथेच ठेवा आणि नदीबरोबर उतरा. ही आंबी. पुढे हिला मोसे भेटते, दोघी मुठेला मिळतात, मुठा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात शिरते, तिथून विठ्ठलवाडी, मग लकडी पूल, मग तुमचा ओंकारेश्वर. चाळीसेक किलोमीटरची वाट. घाई करा, कारण तुम्हाला पाण्याच्या एक दिवस आधी पोचायचं आहे.

मंगळवार, 11 जुलै 1961. दुपारचे चार. तुम्ही लकडी पुलावर उभे आहात. पानिपतानंतर 1761 साली नानासाहेब पेशव्यांनी इथे लाकडाचा पूल घातला. पूल दगडाचा होऊन शतक उलटलं तरी नाव लाकडाचंच राहिलं. पानिपताला यंदा दोनशे वर्षं झाली, हे शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांना माहीत आहे. आणखी काही दिवसांनी पानिपत आणि पानशेत हा जोडशब्द सगळ्या पुण्याच्या तोंडी बसणार आहे, हे मात्र त्यांना माहीत नाही.

पहिल्यांदा जाणवतात त्या सायकली. पुलावर दोन्ही बाजूंनी सायकली, मधूनच टांगा, एखादी पीएमटी. महानगरपालिकेला अकरा वर्षं झाली आहेत, महाराष्ट्र राज्याला एक. शहराची वस्ती सहा लाखांच्या आसपास. आकाश भरलेलं, पाऊस पिरपिर. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या आहेत आणि बायकांच्या बोलण्यात अजून तेच आहे, कुणाच्या ओसरीवर किती वारकरी उतरले, कुणी किती पिठलं-भाकरी केली. उद्या अमावास्या.

नारायण पेठेतून पुढे चला. मुंजोबाच्या बोळाशी बेडेकरांच्या टी स्टॉलवर बाकडी भरलेली आहेत. मोह आवरा. आणि बाजीराव रस्त्यावर चितळ्यांच्या दुकानात जाऊन बाकरवडी मागू नका, ती अजून त्यांच्या काउंटरवर यायची आहे. तुम्हाला तुमच्याच पेठेत जायचं आहे, मेहुणपुऱ्याच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत, जिथे आज तुमच्या सोसायटीचं पार्किंग आहे.

तिथे वाडा आहे. तुम्ही वाडा पाहिलाय तो सिनेमात, सारवलेल्या अंगणाचा, तुळशीवृंदावनाचा. हा बिऱ्हाडकरूंनी गच्च भरलेला आहे. पुढच्या चौकात सहा बिऱ्हाडं, मागच्या चौकात पाच, माडीवर चार, जिन्याखाली एक एकटा विद्यार्थी. नळ दोन, संडास टोकाला, सकाळी रांग. मालक दिवाणखान्यात बसून भाडं वेळेवर येत नाही म्हणून कुरकुरतात आणि कौलं फुटलेली आहेत म्हणून बिऱ्हाडकरू कुरकुरतात. कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यावं याचे नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. वाड्यावर जीव टाकणाऱ्यांनी हेही पाहून ठेवावं.

वाड्याच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानांची रांग आहे. पेठेचा खरा कारभार इथून चालतो.

पहिली पिठाची गिरणी. पट्ट्याची फटफट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. पत्र्याच्या डब्यांची रांग लागली आहे आणि आत भांडण चाललंय.

"अहो, आत्ता ज्वारी दळलीत ना? त्यावर माझे गहू टाकू नका. आधी कुणाचे तरी दुसऱ्याचे टाका."

"दुसऱ्याचे म्हणजे कुणाचे, काकू? सगळ्या हेच म्हणतात."

गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा आहे. तो मूठभर कोंडा टाकून जातं साफ केल्यासारखं करतो, काकूंचं समाधान झाल्यासारखं होतं.

शेजारी छापखाना, एका खोलीचा. खिडकीशी उभा राहून एक पोरगेलासा माणूस खिळे जुळवतोय, एक एक अक्षर केसमधून उचलून. 'क' कुठल्या कप्प्यात आणि 'क्ष' कुठल्या, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे, तो बघतसुद्धा नाही. लग्नसराई संपली, आता कुणाच्या तरी सहकारी पतपेढीचा अहवाल चाललाय. त्याच्या पलीकडे सायकलचं दुकान, तासाच्या भाड्याने. नाव, पत्ता, सायकलचा नंबर लिहून घेतात. नाव पेठेतलं असलं तर पत्ता लिहीत नाहीत. मग अमृततुल्य. पितळी स्टोव्हचा घुर्रर्र आवाज, पातेल्यात उकळणारा चहा, खलबत्त्यात आलं आणि वेलदोडा कुटण्याचा ठेका, आणि चहाच्याच रंगाचं झालेलं गाळायचं फडकं. इथे एक कप घ्या. पैसे देऊ नका, तुमच्याकडची नाणी इथे चालणार नाहीत. इथे नवे पैसे सुरू होऊन चार वर्षं झाली तरी लोक मागतात आण्यांतच. चार आणे म्हणायचं आणि पंचवीस नवे पैसे मोजायचे.

कोपऱ्यावर वाणी. इथे जरा वेळ काढा.

दुकान म्हणजे आठ फुटांची एक पेटी. गूळ, तेलाचे डबे, डाळींची पोती, रॉकेलचा पिंप मागे. फळ्यांवर शेर-पायलीची जुनी मापं आहेत आणि त्यांच्या शेजारी किलोची नवी वजनं. शेठ दोन्ही भाषा बोलतात. भिंतीवर पाटी, 'आज रोख, उद्या उधार'. आणि पाटीच्या बरोबर खाली बसून शेठ दिवसभर उधारी लिहितात.

वही लाल खारव्याची. लिहायला कॉपिंग पेन्सिल. ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पण ओली झाली की जांभळी उठते आणि मग खोडता येत नाही, म्हणून व्यापाऱ्यांची लाडकी. शेठ प्रत्येक नोंदीआधी तिचं टोक जिभेला लावतात. त्यांच्या जिभेवर कायमचा जांभळा ठिपका आहे. पोरं त्याला हसतात.

वाकून वहीत बघा. नावं फार थोडी आहेत. लिहिलंय ते असं: माडीवरचे मास्तर, तेल अर्धा शेर. विहिरीजवळच्या काकू, गूळ. जिन्याखालचा, चहापूड एक पुडी, बाकी मागचीही. मागच्या चौकातले तार ऑफिस, साखर. नळापाशीचे कुलकर्णी, कारण कुलकर्णी वाड्यात तीन आहेत. शेठच्या हिशोबात माणूस म्हणजे त्याची जागा. महिन्याच्या एक तारखेला पगार होतो, पाच तारखेपर्यंत पानं कोरी होतात, दहापासून पुन्हा भरू लागतात. आज अकरा.

तुमच्याने राहवत नाही. तुम्ही म्हणता, "शेठ, उद्या नदीला पाणी येणार आहे. मोठं."

शेठ तुमच्या कपड्यांकडे बघतात. "पाव्हणे दिसता. मुठेला दर साल पाणी येतं. देवळाच्या पायऱ्या धुऊन जातं. काय देऊ?"

तुम्ही पानशेतचं नाव घेता.

"ते कुठं आलं?"

आंबीच्या खोऱ्यातली गावं धरणापायी उठली, त्या गावच्या लोकांना ते कुठं आलं हे नीट ठाऊक होतं. पेठेला नव्हतं. शहराला पाणी खडकवासल्याचं, तेवढं माहीत. खडकवासल्याच्या वर आणखी एक धरण बांधतायत, मातीचं, हे ज्यांनी वाचलं होतं त्यांनी पान उलटलं होतं.

तिकडे या घटकेला काय चाललंय ते ऐका. पानशेतचं काम अजून पुरं व्हायचं आहे. तरी या पावसाळ्यात पाणी अडवलंय, पहिल्यांदाच. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं आहे. तिच्या काँक्रीटमध्ये जिथे लोखंडी सळ्या हव्यात तिथे त्या नाहीत. घाटावर पाऊस कोसळतोय, पाणी चढतंय, मातीचा बांध खचू लागलाय. लष्कराचे जवान आले आहेत आणि वाळूची पोती भरभरून बांधावर रचताहेत. पेठेत दिवेलागण होते, कुठे शुभंकरोती, कुठे रेडिओ. पोती रचण्याचं काम रात्रभर चालू राहतं.

झोपण्याआधी कसब्यापर्यंत एक चक्कर मारा. शनिवारवाड्याला वळसा घातला की तांबट आळीची ठोकाठोक. दिवस मावळला तरी शेवटच्या घागरीवर हातोडीचे ठोके पडताहेत. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक, चंद्रासारखे गोल, अगदी सारखे. मठारकाम म्हणतात त्याला. पलीकडे नदीच्या अंगाला कुंभारवाडा. गणपतीला दोन महिने आहेत. ओसऱ्यांवर फळ्या मांडल्या आहेत आणि फळ्यांवर कच्चे गणपती ओळीने बसले आहेत, कुणाला सोंड आहे पण हात नाहीत, कुणाला हात आहेत पण डोळे नाहीत. पावसाळी हवेत माती वाळत नाही, म्हणून एक म्हातारी शेगडी फिरवतेय, बाळाला शेक द्यावा तशी.

बुधवार उजाडतो. सकाळी सातच्या सुमाराला पानशेतचा बांध फुटतो.

पेठेला हे लगेच कळत नाही. गिरणी चालू होते. गवळी दूध घालून जातो. शेठ दुकानाच्या फळ्या काढतात, गणपतीला उदबत्ती लावतात, वही उघडतात. मग गल्लीच्या टोकाला धावपळ दिसते. कोणी म्हणतं धरण फुटलं, कोणी म्हणतं काहीतरीच. पोलीस सांगत फिरतात, नदीकाठ सोडा. आणि पुणेकर काय करतात? पूर बघायला जातात. पुलांवर गर्दी होते. छत्री घेऊन, पोराला खांद्यावर बसवून, 'अहो जरा सरका, आम्हालाही दिसू द्या' म्हणत. याला आजही कोणी हसतं, कोणी शिव्या घालतं. मला विचाराल तर ज्या गावाची नदी उन्हाळ्यात घोट्याइतकी असते, त्या गावाने तिला घाबरायचं कुठून शिकावं?

तुम्हाला वाटत होतं पाणी समोरून, लाटेसारखं येईल. ते तसं येत नाही. आधी गटारं उलटी वाहू लागतात. वाड्याच्या मोरीतून पाणी वर येतं, काळं, बुडबुडे काढत. मग गल्लीच्या खालच्या तोंडाशी एक चकाकती कड दिसते आणि ती चढाला सरपटत तुमच्याकडे येते. घोटे, गुडघे. छापखान्याचा पोरगा केस डोक्यावर घेऊन बाहेर पडतो, पाय घसरतो, सगळे खिळे पाण्यात. तो खाली वाकून चाचपतो. त्याला दंडाला धरून ओढावं लागतं. सायकलवाला सायकली दोराने एकत्र बांधतो, जणू त्या पळून जातील. वखारीतले ओंडके सुटून गल्लीत शिरतात आणि दारांवर धडका देतात.

शेठ वही घ्यायला परत आत जातात. पैशांची पेटी नाही, वही. ती उंच फळीवर गुळाच्या ढेपांमागे ठेवतात. नेहमी पाणी दुकानाच्या पहिल्या पायरीपर्यंत येतं, त्या हिशोबाने फळी खूपच उंच आहे.

तुम्ही गर्दीबरोबर वर निघता. पेठेतून पर्वतीकडे माणसांचा दुसरा पूर लागलाय. डोक्यावर गाठोडी, काखेत देव्हारा, एका बाईच्या हातात नुसतं लाटणं. ती तशीच पोळ्या सोडून उठली असणार. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसायला जागा नाही. तिथून खाली बघता तेव्हा ओळखीचं पुणं अर्धंच उरलेलं असतं. डेक्कन जिमखाना, नारायण, शनिवार, कसबा, पलीकडे शिवाजीनगर, सगळं एकाच मातकट पाण्यात. लकडी पूल दिसत नाही. नवा पूल दिसत नाही. ओंकारेश्वर बुडालाय. त्या दिवशी जुनं खडकवासलाही टिकलं नाही. 1879 पासून उभं असलेलं ते दगडी धरण वरून आलेल्या लोंढ्यापुढे फुटलं.

आणि मग धूळ. पुरात धूळ, हे न पाहिलेल्याला खरं वाटत नाही. वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. ती माती पाणी पिते, फुगते, आणि मग भिंत पडत नाही, बसते. आधी खालून, मग तिच्यावरची माडी, मग कौलं. प्रत्येक वाडा बसला की पाण्यावर धुळीचा एक लोट उठतो. पर्वतीवरचे लोक लोट बघून ओळखायचा प्रयत्न करतात. "तो आपला नाही. आपला डावीकडं." थोड्या वेळाने बोलणारा बोलायचा थांबतो.

पाणी ओसरू लागतं तोवर अंधार झालेला असतो. अमावास्या आणि वीज नाही. माणसं नावं घेऊन हाका मारतात.

किती गेले? हजाराचा आकडा तुम्ही ऐकलेला असतो. सरकारी आकडा त्याहून बराच लहान. हा वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र सगळे मान्य करतात की पाणी दिवसाढवळ्या आलं म्हणून शहर वाचलं, रात्री आलं असतं तर ही गोष्ट सांगायला पेठेत माणूस राहिला नसता. आणि एक सांगायला हवं. पानशेतच्या आठवणी बहुतेक वाड्यातल्या माणसांच्या आहेत, कारण लिहिणारे वाड्यातले. पुलाच्या वाडीत आणि काठाकाठाने पत्र्याच्या झोपड्यांत जे होते, त्यांचं काय गेलं याची यादी त्यांच्याजवळ कुणी मागितली नाही. बसायला भिंतच नव्हती, त्यामुळे धुळीचा लोटही उठला नाही.

गुरुवार. खाली या. चप्पल काढून या, नाहीतर चिखलात राहील. गल्लीत गुडघाभर गाळ आहे आणि त्यात सगळं मिसळलंय, धान्य, रॉकेल, मेलेली जनावरं, देवघरातले टाक, दळणाचे डबे. गिरणीवाला डब्यांवरची नावं पुसून वाचतोय. आत कणकेचा दगड झालाय. काकूंच्या गव्हात ज्वारी गेली की नाही, हे आता कोणी विचारणार नाही. कुंभारवाड्यात फळ्या रिकाम्या आहेत. गणपती वाहून गेले म्हणावं, तर तसंही नाही. ते जिथे बसले होते तिथेच विरघळले, ओसरीभर शाडूचा एकसंध पांढुरका थर. म्हातारी तो खरवडून टोपल्यात भरतेय. माती फुकट जात नाही.

तहान मात्र फुकट भागत नाही. खडकवासला गेलं, त्यामुळे नळ कोरडे. गावभर चिखल आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा लोकांना पेशवे आठवतात, नानासाहेबांनी कात्रजहून भुयारी नळाने आणलेलं पाणी, पेठापेठांतले हौद. ज्यांना गावाने अडगळ समजून विसरायला घेतलं होतं, त्यांच्याच काठी आता कळशांची रांग आहे. लष्कराच्या टाक्याही फिरताहेत. शाळांत छावण्या, कॉलेजची पोरं घमेल्यांनी गाळ उपसताहेत, दंडावर टोचून घ्यायला रांगा. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण येतात, पंडित नेहरूही येऊन पाहून जातात. पुढे घडी बसवायचं काम सरकार स. गो. बर्व्यांच्या हाती देतं. आयसीएस अधिकारी, पुणं त्यांनी आधी चालवलेलं. त्यांच्या कामाच्या झपाट्याविषयी पेठेतले म्हातारे अजून चांगलं बोलतात, आणि पेठेतले म्हातारे सहसा कुणाविषयी चांगलं बोलत नाहीत. चौकशी आयोग बसतो, आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईकांचा. त्या अहवालांची कथा वेगळी आणि लांब आहे. तुम्ही कोपऱ्यावर चला.

शेठचं दुकान उभं आहे. तिन्ही बाजूंचा वाडा बसलाय, पण ही पेटी दोन दगडी खांबांमध्ये होती म्हणून राहिली. फळीवर वहीही आहे. गुळाच्या ढेपा मात्र नाहीत, त्या साखरपाणी होऊन नदीला मिळाल्या. शेठनी वही इस्त्रीवाल्याकडे नेलीय. तो गल्लीच्या वरच्या तोंडाला असतो, त्याची शेगडी पेटलीय आणि त्याच्याकडे रांग आहे. आज कोणी कपडे घेऊन आलेलं नाही. लोकांच्या हातांत भिजलेल्या नोटा आहेत, पोस्टाची पुस्तकं, जन्मपत्रिका, मॅट्रिकचं सर्टिफिकेट. तो जुन्या धोतराचा तुकडा अंथरतो, त्यावर कागद, वर आणखी एक तुकडा, आणि कोळशाची इस्त्री उचलून हलकेच फिरवतो. नोटेतून वाफ निघते. नदीचा वास येतो.

शेठची पाळी येते. तो पहिलं पान सुटं करतो. पान जांभळं आहे. दुसरं पान जांभळं. कॉपिंग पेन्सिल खोडता येत नाही हे खरं, पण इतक्या पाण्यात ती पसरते. मास्तरांचं तेल काकूंच्या गुळात मिसळलंय, काकूंचा गूळ तार ऑफिसच्या साखरेत. मध्येच एखादा आकडा तरंगतो. एखादा शब्द शाबूत आहे, 'माडीवरचे'. शेठ तो बराच वेळ बघतात. माडी काल दुपारी बसली.

"कुणाचं काय येणं होतं?" इस्त्रीवाला विचारतो.

"तोंडपाठ आहे," शेठ म्हणतात. "पण आता मागू कुठं जाऊन?"

पुढच्या आठवड्यात काही लोक आपणहून येतात. जिन्याखालचा विद्यार्थी येतो, अंगावर कुणीतरी दिलेला सदरा, दोन मापं मोठा. "माझे किती होते, शेठ?" शेठ सांगतात. तो म्हणतो, मला वाटतं त्याहून जास्त होते. काही लोक येत नाहीत. ज्यांचं घरच गेलं त्यांनी वाण्याचं देणं लक्षात ठेवावं, अशी अपेक्षा शेठचीही नसते. आणि वही विरघळली हे कळल्यावर ज्यांना हायसं वाटलं, असेही दोन-चार असतात. पेठ काही संतांची नव्हती.

पुरानंतरची पेठ बघायला मात्र आणखी काही वर्षं पुढे यावं लागतं. पूरग्रस्तांना घरं मिळतात, पण ती पेठेत नाहीत. कुणाला गोखलेनगर, कुणाला लोकमान्यनगर, कुणी आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये, मग सहकारनगरच्या सोसायटीत. तेव्हा तिकडे माळ होता, संध्याकाळनंतर रिक्षा येत नसे. सरकारने जागा दिल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या, शंभराहून जास्त. घरात स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, खिडकीतून उजेड. वाड्यातल्या बायका पहिल्यांदाच बंद दाराआड निवांत अंघोळ करू शकल्या, आणि हे सुख त्यांनी कुणालाही विचारून घेतलं नाही. मीही ते वाड्याच्या आठवणींवरून ओवाळून टाकायला तयार नाही.

पण नव्या कॉलनीतल्या नव्या दुकानात माडीवरच्या मास्तरांनी पहिल्या महिन्यात तेल मागितलं, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नाव? पत्ता? फ्लॅट नंबर?" मास्तरांनी सांगितलं. तो म्हणाला, "पहिले काही महिने रोखच बरं, मास्तर. ओळख होऊ द्या." त्यात त्याचं काही चुकलं नाही. मास्तर रविवारी सायकलवर टांग मारून जुन्या शेठकडे यायचे, अर्ध्या गावाला वळसा घालून, तेलाची बरणी हँडलला लटकवून. वर्षभर आले. मग सायकलचा चढ दमवू लागला. शेठनी नवी वही केली, पण तिच्यात पानं रिकामी राहू लागली. वाड्याच्या जागी आधी मोकळं मैदान, मग तीन मजली चाळवजा इमारत. छापखान्याच्या पोराने खिळे गाळून काढले, सहा महिने निवडत बसला, 'ध' आणि 'घ' त्याला शेवटपर्यंत पुरते सापडले नाहीत. पेठेतल्या नुकसानीच्या नोंदी वाडे, भांडी, सोनं, धान्य अशा आहेत. उधारीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची मोजदाद कोणत्या रकान्यात करणार?

आता परत चला, नदीच्या उलट दिशेने. लकडी पूल, विठ्ठलवाडी, खडकवासला. टपरीवर तुमचा चहा गार झालाय. टपरीवाला तुम्हाला नवा कप भरून देतो. तुम्ही फोन काढता, चौकोनावर धरता, गोल गोल फिरत राहतं, रेंज नाही.

"राहू द्या," तो म्हणतो. "खाली गेल्यावर पाठवा. शनिवार पेठ ना? आहे माझ्या लक्षात."

पानशेतचं धरण पुन्हा बांधलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरं झालं. त्याचं पाणी आजही आंबीतून खडकवासल्याला उतरतं आणि तिथून पुण्याला जातं. उद्या सकाळी शनिवार पेठेत तुमच्या नळाला येईल, ते हेच.